१९५०ची फोर्ड एफ-१ : फ्लॅटहेड ठेवू की ३०२ बसवू?

सांगलीकर_मिशिगन
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी एका शेतावरच्या कोठारातून १९५०ची एफ-१ पिकअप घेतली. पत्रा शाबूत, हौद्याच्या फळ्या तेवढ्या कुजलेल्या होत्या, त्या बदलल्या. इंजिन मूळचंच : २३९ घनइंची फ्लॅटहेड व्ही-८ (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, ब्लॉकमध्येच असतात ते), १०० हॉर्सपॉवरचं. गाडी तापायची म्हणून गेल्या महिन्यात हेड उतरवली. डावीकडे एका व्हॉल्व्ह सीटपासून (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) बोअरकडे (पिस्टन फिरतो ती नळी) गेलेली काळी रेघ दिसली. कार्बन असेल असं वाटलं. रॉकेल लावून कोरड्या फडक्यानं पुसली, तर थोड्या वेळानं ओल नेमकी त्याच रेघेत वर आली. तडाच आहे.
इथले सगळे म्हणतात, जुन्या फोर्ड मस्टँगमधलं ३०२ घनइंची व्ही-८ टाक आणि मोकळा हो. पण लेकीला याच इंजिनाच्या आवाजाची सवय झालीय, आणि मलाही. काय करू?

उद्यमनगर_कोल्हापूर
दादा, ब्लॉक टाकू नका. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये फुटलेले ओतीव ब्लॉक बघतच मोठा झालो. एकच विनंती, कुणाला त्यावर साधं आर्क वेल्डिंग करू देऊ नका. थंड बिडावर एका जागी उष्णता दिली की तडा शेजारून पुढं सरकतो. स्टिचिंग करून घ्या : तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तो थांबवायचा, मग एकमेकांवर चढणाऱ्या आट्यांच्या पिना बसवत जायचं. बोअरपर्यंत पोचला असेल तर त्या सिलिंडरला स्लीव्ह (आतून बसवायची नवी नळी) आणि वर नवी सीट. आधी अख्खा ब्लॉक चुंबकीय पावडरनं तपासून घ्या. या इंजिनात जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या वाटेनं बाहेर पडतो आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना एकच दार. तापणं तिथूनच येतं. बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंतचे बारीक तडे बऱ्याच ब्लॉकना असतात, त्यांना घाबरू नका.

ओहायोचा_आबा
मी माझ्या एफ-१मध्ये ३०२च बसवलं. पळते झकास. पण स्टिअरिंग बॉक्स आडवा येतो म्हणून डावा एक्झॉस्ट दोनदा बनवला. गाडीचं वायरिंग ६ व्होल्टचं १२ करताना पॉझिटिव्ह अर्थिंग (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला) उलटवावं लागलं. शिवाय ताकद वाढवली की आधी ब्रेक बघावे लागतात, मूळचे चारही ड्रम आहेत.
तुमच्या जागी असतो तर फ्लॅटहेड ठेवून त्यात मर्क्युरीचा (फोर्डचाच दुसरा ब्रँड) क्रँकशाफ्ट टाकला असता. १९४९-५३ मर्क्युरीचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४ इंच, तुमचा पावणेचार. तेवढ्यानं २३९चं २५५ होतं. मात्र पिस्टन त्या क्रँकच्या मापाचे घ्या. मागं अडॅप्टर लावून टी-५ हा पाच गीअरचा गीअरबॉक्स. शेव्हरले एस-१० पिकअपमधला घ्या, त्याचा गीअरचा दांडा पुढं येतो, सीटला अडत नाही. पाचव्या गीअरला इंजिन हायवेवर शांत चालतं.

सांगलीकर_मिशिगन
आबा, कोल्हापूरकर, मनापासून आभार. आज परत रॉकेल लावून बघितलं, तडा बोअरमध्ये सुमारे अर्धा इंच उतरलाय. म्हणजे स्लीव्ह आलीच. शनिवारी ब्लॉक तपासायला नेतोय. मर्क्युरीचा क्रँक एकाकडे पडून आहे म्हणतात, पण तो आधी किती घासून घेतलाय ते मोजल्याशिवाय घेणार नाही. जर्नलची (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मापं आली की इथंच टाकतो, बेअरिंगचं तुम्ही सांगा.