आठवडाभराच्या फ्रान्स सहलीत पॅरिस हवंच का? माझं मत: लिऑन आणि बोन पुरे

रानवाटा
मे महिन्यात आई-बाबांना घेऊन आठवडाभर फ्रान्सला जायचं ठरतंय. दोघंही सत्तरीचे. चालायला खणखणीत आहेत, पण दगदग नको म्हणतात. पॅरिस सरळ वगळावं असं माझं ठाम मत आहे. पॅरिसच्या विमानतळावरूनच टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान रेल्वे मिळते, दोनेक तासांत लिऑन. तिथे तीन रात्री. मग साध्या प्रादेशिक रेल्वेने बर्गंडी या वाइनच्या मुलखातल्या बोनला चार रात्री. दोनच मुक्काम, त्यामुळे व्हिसाच्या अर्जाला राहण्याची कागदपत्रंही दोनच.

लिऑनमध्ये ऱ्होन आणि सोन या नद्यांचा संगम आहे. फुर्विएर टेकडीवर छोटी रेल्वे चढवून नेते, वर दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन नाट्यगृह आहे. खाली जुन्या शहरात घरांच्या पोटातून जाणारे बोळ आहेत, त्यांना त्राबूल म्हणतात. एका गल्लीत दार ढकलून आत शिरायचं आणि पलीकडच्या गल्लीत निघायचं. रेशीम विणणारे पावसापासून माल वाचवायला यातूनच ये-जा करत. हे सगळं रमतगमत होतं. पॅरिसमध्ये रमतगमत काय होतं ते सांगा.

शशांक_ठाणे
साफ असहमत. तुमचे आई-बाबा फ्रान्सला किती वेळा जाणार आहेत? माणशी नव्वद युरो व्हिसा, विमानाचं तिकीट, विमा, एवढं करून पॅरिसच्या विमानतळावर उतरायचं आणि शहर न बघता पुढे जायचं? आपल्या आई-वडिलांच्या पिढीने आयफेल टॉवर आयुष्यभर कॅलेंडरवर पाहिलाय. तो एकदा डोळ्यांनी बघायची त्यांची इच्छा नाही, हे तुम्ही त्यांना विचारलंय का, की परस्पर ठरवलंत?

आणि पॅरिसमध्ये निवांत राहता येत नाही हे मला पटत नाही. लक्झेंबर्ग बागेत हिरव्या लोखंडी खुर्च्या असतात. हवी ती ओढून उन्हात बसा, कोणी उठवत नाही. खेडं हवंय ना, मग सँ-लाझार स्टेशनवरून तासाभरात व्हेर्नों, तिथून जवळच झिव्हेर्नी. चित्रकार मोने तिथे 1883 पासून 1926 पर्यंत, शेवटपर्यंत राहिला. मे महिन्यात त्याची बाग ऐन बहरात असते. एकच मुक्काम, शहरही झालं आणि गावही.

रानवाटा
विचारलंय हो. आईचं उत्तर होतं, "टॉवर नाही दिसला तरी चालेल, पण सकाळी सातला लॉबीत जमा व्हायला लावू नकोस." युरोपची ग्रुप टूर त्यांनी एकदा केली आहे.

झिव्हेर्नी सुंदरच आहे, वाद नाही. पण सकाळी जाऊन संध्याकाळी परत, आणि मधे रांग, याला मी गावाकडे राहणं म्हणणार नाही. गाव कळतं ते संध्याकाळी, बाहेरची माणसं निघून गेल्यावर. त्यासाठी रात्रीचा मुक्काम लागतो.

निफाडचा_मळेवाला
पॅरिसचं मला माहीत नाही, पण बोनबद्दल बोलतो. आमची चार पिढ्यांची द्राक्षबाग आहे आणि तो भाग मी हिंडून पाहिलाय. आपल्याकडे वेल मांडवावर, घड डोक्यावर लोंबतात. तिथे वेली जेमतेम कमरेएवढ्या, आणि इतक्या दाट की हेक्टरी दहा हजारांच्या आसपास. आपण वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड छाटणी. ते हिवाळ्यात एकदाच, कारण थंडीत वेल झोपते. शेजारी-शेजारी दोन तुकडे, मधे दगडी बांध, आणि दोन्हीकडच्या वाइनचं नावही वेगळं, मोलही वेगळं. या तुकड्यांना 2015 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

म्हणून माझी हरकत महिन्याला आहे. मे महिन्यात नुसती कोवळी पालवी बघाल. सप्टेंबरात जा, तोडणी चालू असते.

मृद्गंध
मी ग्रेनोबलला राहते. मलाही रानवाटाताईंचा बेत कागदावर जास्त सोपा वाटतोय. मे महिन्यात 1 आणि 8 तारखेला सुट्टी, शिवाय असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार बहुधा त्याच महिन्यात. 1 मेला तर कित्येक शहरांतली सार्वजनिक वाहतूकसुद्धा जवळपास ठप्प असते. गावांकडे रविवारी बस धरूनच चालू नका. दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद, आणि सोमवारी कित्येक ठिकाणी दारच बंद. शातोनफसारखं टेकडीवरचं गाव बघायचं तर गाडी हवीच.

आई-बाबा शाकाहारी असतील तर आणखी एक गोष्ट. लिऑनच्या बूशाँ नावाच्या प्रसिद्ध खानावळींत मिळतं ते म्हणजे डुक्कर, आतडी आणि माशाचे केनेल, म्हणजे उकडलेले गोळे. बर्गंडीत तर अंडंसुद्धा रेड वाइनच्या रश्श्यात, त्यात बेकन. आणि वाइन न पिणाऱ्यांनी बोनला चार रात्री करायचं काय?

रानवाटा
शाकाहारी आहेत, आणि म्हणूनच बोनला हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेलं घर बघतेय. शनिवारी तिथे बाजार भरतो. ब्रेड, शेळीच्या दुधाचं चीज, मुळे, शतावरी घेतली की रविवार-सोमवारची सोय झाली. 1 मे टाळून दुसऱ्या पंधरवड्यात जाऊ.

वाइनचं म्हणाल तर बोनला मला सर्वांत ओढ आहे ती 1443 साली गरिबांसाठी स्थापन झालेल्या इस्पितळाची. लांबलचक दालन, दोन्ही भिंतींना लाल पडद्यांच्या खाटा आणि त्याच दालनाच्या टोकाला प्रार्थनास्थळ, म्हणजे रोग्याला अंथरुणातून उठायला नको. आई निवृत्त परिचारिका आहे. तिला तिथून मी तासभर हलवू शकणार नाही.

गाडी मात्र नाही. उजव्या बाजूने चालवायचं, वर उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायचा नियम. त्या ताणात मला माझी सुट्टी घालवायची नाही. पोमार, व्होल्ने, मेर्सो ही गावं मळ्यांमधल्या सायकलवाटेवरच आहेत. आम्ही दोघं सायकलने जाऊ, आई-बाबा टॅक्सीने पोमारला येतील.

शशांक_ठाणे
घराचं आणि इस्पितळाचं पटलं. पॅरिसचं नाही. बोनच्या चारातली एक रात्र कमी करा आणि परतीच्या आधी पॅरिसला राहा. विमान तिथूनच आहे, वाट वाकडी करावी लागत नाही.

रानवाटा
म्हणजे तिसरा मुक्काम, पुन्हा बॅगा. नाही. पण बाबांना स्वतंत्रपणे विचारते. उत्तर आतापर्यंत आईनेच दिलंय.