‘सूक्ष्मचित्र’ म्हणजे इवलेसे चित्र की इवल्याचे चित्र?

प्रश्न

महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक करतेय. एका फलकावर जास्वंदीच्या परागकणाचं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं चित्र आहे. मूळ इंग्रजी मजकुरात त्याला ‘मायक्रोग्राफ’ म्हटलंय. मी ‘सूक्ष्मचित्र’ लिहिलं, तर सहकारी म्हणाले, “फलक दोन फूट रुंद, सूक्ष्म कुठून?” ‘सूक्ष्मछायाचित्र’ केलं तर चालेल? आणि मूळ शब्द आला कुठून?

प्रतिसाद

सहकाऱ्यांची शंका रास्त आहे. भानगड समासाची आहे. ‘सूक्ष्म असे चित्र’ हा विग्रह केला तर कर्मधारय, ‘सूक्ष्माचे चित्र’ केला तर षष्ठी तत्पुरुष. तुम्हाला दुसरा हवाय आणि वाचणारा पहिला करतो, कारण ‘सूक्ष्म’ आपल्याला विशेषण म्हणूनच सवयीचा: सूक्ष्म फरक, सूक्ष्म निरीक्षण. ‘सूक्ष्मदर्शक’मध्ये मात्र तोच शब्द नाम होऊन बसलाय आणि तिथे कुणी अडखळत नाही.

इंग्रजीतही हा घोळ झालेला आहे. 1839 मध्ये ब्रिटिश उपकरणकार जॉन बेंजामिन डान्सर यांनी मोठा मजकूर कॅमेऱ्याने इतका लहान केला की तो वाचायला सूक्ष्मदर्शक लागावा. पुढे 1870-71 मध्ये पॅरिसला वेढा पडला, तेव्हा रने दाग्रों यांनी याच तंत्राने हजारो निरोप फिल्मच्या चिमुकल्या तुकड्यांवर उतरवले आणि ते कबुतरांच्या शेपटीला बांधून शहरात पोचवले गेले. हा झाला ‘मायक्रोफोटोग्राफ’, म्हणजे खरोखरच इवलासा फोटो. उलट बाजूने, आल्फ्रेड दोने आणि लेओं फूको यांनी 1845 मध्ये सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या डॅगेरोटाइपांवरून (धातूच्या पत्र्यावरचे सुरुवातीचे फोटो) कोरलेल्या चित्रांचा संग्रह छापला, आणि 1877 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी जिवाणूंचे फोटो प्रसिद्ध केले. हे ‘फोटोमायक्रोग्राफ’. दोन्हीत घटक तेच, नुसता क्रम बदलून इंग्रजीने भांडण मिटवलं. जर्मनने तेवढीही तसदी घेतली नाही. तिथे ‘मिक्रोफोटोग्राफी’ म्हणजे सूक्ष्मदर्शकातून फोटो काढणंच.

‘ग्राफ’चं मूळ ग्रीक क्रियापद ओरखडणे, लिहिणे, रेखणे असं सगळंच सांगतं. आपला ‘लिख्’ धातूही मुळात ओरखडण्याचाच. म्हणून संस्कृतात आलेख्य म्हणजे चित्र, आणि थक्क होऊन उभा राहिलेला माणूस आपल्याकडे ‘चित्रलिखित’. तेव्हा ‘मायक्रोग्राफ’मध्ये कॅमेरा गृहीत नाही. रॉबर्ट हूक यांचा ‘मायक्रोग्राफिया’ 1665 चा, फोटोच्या पावणेदोनशे वर्षं आधीचा. त्यातली चित्रं ताम्रपटावर कोरलेली. पिसवेचं चित्र तर एवढं मोठं की घडी उलगडून पाहावं लागतं! बुचाच्या कापातल्या कप्प्यांना ‘सेल’ हे नावही त्याच पुस्तकातलं.

गंमत म्हणजे ‘मायक्रोग्राफिया’ हाच शब्द मेंदूविकारतज्ज्ञही वापरतात. पार्किन्सनच्या रुग्णाचं अक्षर बारीक बारीक होत जातं, त्या लक्षणाचं ते नाव. हूकच्या शब्दात ‘सूक्ष्माचे लेखन’, डॉक्टरांच्या शब्दात ‘सूक्ष्म लेखन’. म्हणजे तुमच्या सहकाऱ्यांची शंका ग्रीक शब्दालाही लागू आहे.

प्रतिसाद

प्रयोगशाळेत आम्ही कोणी ‘मायक्रोग्राफ’ म्हणत नाही, ‘एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) इमेज’ म्हणतो, पण ते जाऊ दे. ‘सूक्ष्मछायाचित्र’ कृपया नको. साध्या सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून घेतलेल्या चित्राला ते ठीक. तुमच्या चित्रात प्रकाशाचा संबंध नाही. इलेक्ट्रॉनांचा झोत नमुन्यावरून ओळीओळीने फिरतो, प्रत्येक बिंदूपाशी बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले जातात आणि त्या मोजमापातून पडद्यावर चित्र उभं राहतं. त्यामुळे ते करडंच असतं. परागकण पिवळा दिसत असेल, तर तो रंग नंतर कुणीतरी भरलेला आहे. तसं फलकावर लिहा. (पातळ कापातून इलेक्ट्रॉन आरपार जाऊन जे चित्र देतात, त्यात मात्र अक्षरशः छायाच पडते. तिथे ‘छायाचित्र’ फोटोपेक्षाही चपखल बसेल.)

माझं मत: सरळ ‘मायक्रोग्राफ’ लिहा. ‘फोटो’ आपण घेतलाच ना?

प्रतिसाद

‘फोटो’ घरोघर पोचला म्हणून रुळला. शाळकरी पोरं सिस्मोग्राफ हे यंत्र म्हणून शिकतात. ‘मायक्रोग्राफ’ वाचून तेही एखादं यंत्रच समजतील. ‘ग्राफ’ कधी उपकरण, कधी त्यातून निघालेली वस्तू, हा इंग्रजीचा गोंधळ आपण फलकावर का चिकटवायचा? ‘सूक्ष्मदर्शक-चित्र’ म्हणा. लांब आहे, पण विग्रह एकच होतो, आणि हाताने काढलेलं, कॅमेऱ्याने घेतलेलं, इलेक्ट्रॉनांनी उमटवलेलं असं सगळं त्यात मावतं.

प्रश्नकर्ती

‘इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक-चित्र, रंग नंतर भरले आहेत’ असं केलं. ‘500 पट मोठे’ हेही लिहू ना?

प्रतिसाद

ते नको. तो आकडा मूळ प्रतीसाठी असतो. चित्र फलकाएवढं ताणलं की खोटा ठरतो. चित्राच्या कोपऱ्यात मापाची आडवी रेघ असेल, ती छाटू नका. चित्रासोबत तीही ताणली जाते, म्हणून माप बिघडत नाही. जास्वंदीचा परागकण एरवीच्या परागकणांच्या मानाने दांडगा, 100 मायक्रोमीटरच्या (मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या) पुढचा. मुलं रेघेवरून स्वतः मोजतील.