मदत हवी आहे: अंगात कुस्ती मुरली आहे, जिउ-जित्सूचा गार्ड जमत नाही

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याचा, वय ३८. सातवीपासून कॉलेज संपेपर्यंत दांडिया बाजाराजवळच्या एका आखाड्यात कुस्ती केली. नावाजलेला मल्ल नव्हतो, पण नऊ-दहा वर्षं लाल मातीत घालवली. पुढे मकरपुऱ्यात नोकरी लागली आणि आखाडा सुटला. गेल्या ऑगस्टपासून ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतोय, आठवड्यातून तीन संध्याकाळी. पट्टा अर्थातच पांढरा.

उभ्यानं मला अडचण येत नाही. एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडणं) अजून निघतो, लपेट बसते. खाली गेलो की मात्र सगळं उलटं होतं.

आमच्या वस्तादांनी एक गोष्ट हाडात भरली होती: पाठीला माती लागू द्यायची नाही. दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपली. त्यामुळे जरा धोका वाटला की मी पोटावर वळतो, विचार करायच्या आधीच. इथे तर पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो. समोरच्याला दोन पायांच्या मध्ये धरून तो तिथूनच उलथवतो, हात अडकवतो, गळा आवळतो. त्यालाच गार्ड म्हणतात. हे मला समजतं, पण अंग ऐकत नाही.

मागच्या गुरुवारचं सांगतो. जोडीला एकोणीस वर्षांचा मुलगा, माझ्यापेक्षा वीसेक किलोंनी हलका. मी खाली होतो. त्यानं माझी एक मांडी गुडघ्यानं चटईला दाबली आणि तो गुडघा तसाच पलीकडे सरकवला. छातीवर वजन येतंय हे जाणवलं आणि मी पोटावर वळलो. त्याची एक टाच माझ्या मांडीच्या आतून आली, लगेच दुसरी. मी हनुवटी छातीशी घट्ट दाबली, पण मनगटाचं हाड जबड्याला घासत खाली उतरलं आणि गळ्याशी बसलं. टॅप, म्हणजे हातानं थोपटून हार मानली. पाच मिनिटांत हेच तीनदा. शेवटी तो गुजरातीत म्हणाला, ‘काका, पाठ नका देऊ, माझ्याकडे तोंड करा.’ त्या मुलाचे मनापासून आभार, कारण नेमकं दुखणं त्यानं पकडलं.

गुणांच्या हिशेबानंही हे वाईटच. गार्ड ओलांडून, म्हणजे पायांच्या पलीकडे जाऊन, तीन सेकंद धरलं तर ३ गुण, पण पाठीवर चढून दोन्ही पाय आत अडकवले तर ४. म्हणजे ३ वाचवायला मी ४ देतोय, वर गळाही.

दुसरी अडचण, वर असतानाची. गार्ड ओलांडताना एक हात त्याच्या मांडीखाली घालून मी जोर लावतो आणि दर वेळी ट्रँगलमध्ये सापडतो. त्याचा एक पाय माझ्या मानेवर, दुसऱ्याच्या गुडघ्यामागे पहिल्याचा घोटा, आणि माझाच खांदा माझ्या गळ्यात. ताकदीनं उचलून सुटायला जातो, तर पाय आणखी आवळतात.

स्वीपमध्ये, म्हणजे खालून समोरच्याला उलथवण्याच्या डावांत, सिझर स्वीप शिकवला आहे. पायांची कात्री नीट मारतो असं वाटतं, पण समोरचा हात टेकवतो आणि बसून राहतो. आणि सबमिशन्स (हार मानायला लावणाऱ्या पकडी) इतकी दाखवतात की एकही हातात बसत नाही. या वयात, कुस्तीचं अंग असताना आधी कोणती दोन-तीन पक्की करावीत?

आमचे सर चांगले शिकवतात, पण वर्गात पंचवीस जण आहेत आणि मातीतून आलेला मी एकटाच. ज्यांनी कुस्ती किंवा ज्यूदोतून हा बदल केला आहे त्यांनी कृपया सांगा. ‘व्हिडिओ बघा’ नको, खूप बघून झाले.

प्रतिसाद

दादा, मी पुण्याची, आधी ज्यूदो, आता जिउ-जित्सूत जांभळा पट्टा. ज्यूदोतही फेकल्यावर जोरात पाठीवर पडलं की इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, जातो आणि सामना संपतो, त्यामुळे मीही वर्षभर पोटावर वळत होते. पाठीवर राहायला शिका असं मी म्हणणार नाही. पाठीवर सपाट पडलेला माणूस इथेही मार खातो. कुशीवर राहायचं. एक कुल्ला चटईला, वरचा गुडघा दोघांच्या मध्ये आडवा, हाताची कोपरापुढची बाजू त्याच्या गळपट्टीच्या हाडाशी. वजन आलं की कुल्ला मागे काढायचा आणि गुडघा परत मध्ये घालायचा. वळायचंच असेल तर त्याच्याकडे वळा. बगलेखालून हात घालून त्याच्या अंगाला चिकटून गुडघ्यांवर या, तिथून पट तुमचाच आहे. कुस्ती विसरू नका, फक्त वळायची दिशा बदला.

त्याच मुलाला सांगा, रोज दोन मिनिटं त्यानं अर्धा गार्ड ओलांडलेल्या जागेवरून सुरू करायचं आणि तुम्ही फक्त गुडघा मध्ये आणायचा. गळा नाही, हात नाही.

ट्रँगलचं कारण तुम्हीच लिहिलं आहे: एक हात आत, एक बाहेर. दोन्ही आत ठेवा, नाहीतर दोन्ही बाहेर. कोपर स्वतःच्या मांडीजवळ, पाठ ताठ.

सिझर स्वीपमध्ये पाय शेवटी येतात. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूची बाही आधी धरा, म्हणजे टेकवायला हात उरत नाही. मग कॉलर ओढून त्याचं वजन स्वतःच्या नडगीवर घ्या. गुडघे हलके झाले की कात्री. धोबीपछाडीला आधी माणूस पाठीवर घेता ना, तसंच हे.

एक स्वीप आणि दोन सबमिशन्स एका माळेत हवी असतील तर हिप बंप शिका. तो गुडघ्यांवर ताठ बसला की उठून कुल्ल्यानं धक्का द्यायचा. पडला तर २ गुण. हात टेकवला तर त्याच हातावर किमुरा (हात मागे पिरगळायची पकड), डोकं पुढे घातलं तर गिलोटिन (समोरून गळा आवळायची पकड). १९५१ साली ब्राझीलमधल्या माराकाना स्टेडियममध्ये जपानी ज्यूदोपटू मासाहिको किमुरानं ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या एलियो ग्रेसीचा हात ज्या पकडीत मोडला, तीच ही किमुरा पकड, आणि नावही तिथूनच पडलं. म्हणून सरावात ती सावकाश लावा. तुमच्या हातांना मनगट धरायची सवय आहे, लवकर जमेल.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. काल दोन मिनिटांचा सराव सहा वेळा केला. चार वेळा गुडघा मध्ये आला, दोनदा पुन्हा पोटावर गेलो, पण या वेळी वळतोय हे वळतानाच कळलं. आधी गळा आवळल्यावर कळायचं. बाही धरून सिझर स्वीपही एकदा लागला, माझे पहिलेच २ गुण.

एक विचारायचं राहिलं. गार्डमध्ये दोन्ही हात आत ठेवून त्याच्या कमरेवर टेकवले की ट्रँगल बसत नाही, पण मग तो माझ्या कॉलरमध्ये खोलवर हात घालतो. तो पहिला हात गेल्या गेल्या तोडायचा, की आधी पाठ ताठ करायची?