मदत हवी आहे : पालेर्मोच्या बाजारांत शाकाहारी खाणे

एप्रिलमध्ये आई-वडिलांसह सिसिलीतील पालेर्मो येथे मुक्काम करण्याचा विचार आहे. ८३१ मध्ये अरबांनी आणि १०७२ मध्ये नॉर्मनांनी जिंकलेल्या या शहराचा इतिहास एकाच वास्तूत वाचता येतो. राजा दुसऱ्या रॉजरने राजवाड्यात बांधलेल्या प्रार्थनामंदिराचे लाकडी छत अरबी धाटणीचे आहे, तर भिंतींवरील सोनेरी मोझेइक बायझंटाइन पद्धतीचे. त्याविषयी माहिती भरपूर मिळते. अडचण जेवणाची आहे.

आई-वडील पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाहीत, आणि मला तर तेथील खाद्यसंस्कृती बाल्लारो व कापो या जुन्या बाजारांतूनच समजून घ्यायची आहे, कारण रेस्टॉरंटमध्ये पिझ्झा खायला इतक्या दूर जाण्यात अर्थ नाही. हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, म्हणजेच पानेल्ले (आपल्या पाटवडीशी त्यांचे साम्य कोणालाही जाणवेल), आणि वांग्याची आंबटगोड कापोनाता त्यांना नक्की आवडेल. परंतु पानेल्ले ज्या तेलात तळतात त्यातच मांस किंवा मासे तळले जातात का, आणि आरांचिने या भाताच्या गोळ्यांमध्ये मांस व अंडे नसलेला प्रकार मिळतो का, हे तेथे राहणाऱ्या किंवा जाऊन आलेल्या सदस्यांनी कृपया सांगावे. ही पथ्ये समजून घेऊन बाजार दाखवणारा स्थानिक वाटाड्या कोणाच्या माहितीत असल्यास तेही कळवावे.