‘रिकामा’, ‘बेकार’ की ‘बेरोजगार’? : स्ट्रॅटेजी गेममधील काम नसलेल्या नागरिकासाठी शब्द

प्रश्न

शहरे वसवण्याच्या आणि साम्राज्ये चालवण्याच्या स्ट्रॅटेजी गेमांविषयी मराठीत एक विस्तृत परिचयलेख लिहीत असताना मी एका शब्दापाशी अडलो आहे. ज्याच्याकडे त्या क्षणी काम नाही अशा माणसासाठी या गेमांत कुठे ‘आयडल’, तर कुठे ‘अनएम्प्लॉइड’ असा शब्द पडद्यावर येतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) मध्ये असा गावकरी शोधून देणारे बटणच आहे. ‘सिव्हिलायझेशन ५’ (२०१०) मध्ये ज्याला जमिनीवर किंवा इमारतीत जागा मिळालेली नाही असा नागरिक शहराच्या पडद्यावर ‘अनएम्प्लॉइड’ म्हणून वेगळा दाखवलेला असतो. पहिल्या मसुद्यात मी दोन्हीकडे ‘बेरोजगार’ असे लिहिले आणि वाचून पाहिल्यावर माझे मलाच हसू आले. झाड तोडून झाल्यावर तिथेच उभ्या राहिलेल्या गावकऱ्याला बेरोजगार म्हटले, की तो आता नोकरीचा अर्ज लिहायला बसेल असे वाटते. ‘निरुद्योगी’, ‘रिकामा’, ‘बेकार’, ‘निष्क्रिय’ यांपैकी कोणता शब्द कुठे बसेल, आणि एकच शब्द सगळीकडे चालवता येईल का, हे जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

एकच शब्द सगळीकडे चालणार नाही, असे माझे मत आहे. शब्द निवडण्याआधी काम नेमके कोणाला हवे आहे हे पाहावे लागेल. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मधील गावकऱ्याला काम हवे नसते आणि नकोही नसते. ते हवे असते खेळाडूला. हा गावकरी घडवताना ५० अन्न खर्ची पडते. त्यानंतर त्याला मजुरी द्यावी लागत नाही, त्याच्या पोटाची सोय पाहावी लागत नाही, आणि तो तासभर उभा राहिला तरी त्याची कुरकुर ऐकू येत नाही. तोटा होतो तो एवढाच, की त्या वेळात जे लाकूड किंवा सोने गोळा झाले असते ते झाले नाही. मराठीत अशा प्रसंगी आपण ‘रिकामा’ म्हणतो, आणि हा शब्द बहुतेक वेळा काम सांगणाऱ्याच्या तोंडी असतो: “रिकामा आहेस का? मग जरा इकडे ये.” याउलट ‘बेरोजगार’ हा शब्द काम शोधणाऱ्याच्या बाजूने बोलतो. त्याला काम हवे आहे, ते मिळत नाही, आणि न मिळाल्याचे परिणाम त्याला भोगावे लागतात, एवढे सगळे त्या शब्दात गृहीत असते. म्हणून गावकऱ्यासाठी ‘रिकामा’ हाच शब्द योग्य ठरेल.

‘बेकार’ शब्दशः अचूक आहे, कारण फारसीतील ‘बे’ आणि ‘कार’ मिळून त्याचा अर्थ ‘कामाविना’ असाच होतो. परंतु आजच्या बोलण्यात तो ‘टाकाऊ’ या अर्थाकडे इतका सरकला आहे की ‘बेकार गावकरी’ वाचणाऱ्याला तो गावकरी कुचकामी आहे असेच वाटेल. ‘निरुद्योगी’चीही अडचण तीच आहे. ‘उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी’ असे म्हणणाऱ्या भाषेत निरुद्योगी माणसाकडे आळसाचा दोष आपोआप जातो, आणि या बिचाऱ्याने आळस केलेला नाही. त्याला कोणी काही सांगितलेलेच नाही. ‘निष्क्रिय’ हा शब्द मी ज्वालामुखीसाठी आणि बँकेतील खात्यासाठी राखून ठेवीन.

दुसरा प्रतिसाद

‘रिकामा’ शब्दातही दोष देण्याचा सूर आहे, हे विसरू नये. ‘रिकामटेकडा’ त्यातूनच निघतो, आणि ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ या म्हणीतला न्हावी काही कौतुकाचा धनी नाही. ‘मोकळा’ म्हटले तर उपलब्धता कळते आणि ठपका येत नाही.

तिसरा प्रतिसाद

‘मोकळा’ चांगला शब्द आहे, पण तो ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेत नेल्यास अर्थ पार बिघडेल. त्या मालिकेत काम नसणे ही अवस्था दर आवृत्तीत बदलत गेली आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१९९१ च्या पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये शहराभोवती २१ चौकोन असतात. मधला चौकोन शहराचा स्वतःचा असतो आणि उरलेल्या २० चौकोनांवर प्रत्येकी एक नागरिक काम करतो. एखाद्या नागरिकाला चौकोनावरून उचलले तर तो रिकामा राहत नाही, तर त्याच क्षणी करमणूक करणारा बनतो आणि इतरांना खूश ठेवतो. शहर पुरेसे मोठे झाल्यावर त्याला कर गोळा करणारा किंवा शास्त्रज्ञही करता येते. म्हणजे या गेमच्या व्याकरणात ‘काम नसलेला नागरिक’ हा प्रयोगच होत नाही. जमिनीवर काम करत नाही तो लोकांची करमणूक करतो, असे गेम सरळ धरून चालतो. या गृहीतकात मला थोडा खोडकरपणा दिसतो, पण हिशेबाच्या दृष्टीने ते सोयीचे आहे, कारण त्यामुळे कोणतेही डोके शून्य उत्पन्नाचे राहत नाही.

या मालिकेत ‘एक नागरिक’ म्हणजे एक माणूस नव्हे, हेही लक्षात घ्यावे. पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये आकार १ असलेल्या शहराची लोकसंख्या १०,००० दाखवतात, आकार २ ची ३०,००० आणि आकार ३ ची ६०,०००. चित्रात दिसणारा एक चेहरा हा हजारोंचा प्रतिनिधी असतो, आणि ‘रिकामा’ किंवा ‘मोकळा’ ही विशेषणे एका माणसाला जशी शोभतात तशी हजारोंच्या समूहाला शोभत नाहीत.

२००५ च्या ‘सिव्हिलायझेशन ४’ मध्ये कलावंत, शास्त्रज्ञ, व्यापारी, अभियंता, पुरोहित अशा विशेष जागा इमारतींमुळे खुल्या होतात. ज्याला यांपैकी एकही जागा मिळत नाही तो केवळ ‘सिटिझन’ म्हणून उरतो आणि उत्पादनात १ ची भर घालतो. ‘सिव्हिलायझेशन ५’ मध्ये जवळपास त्याच अवस्थेला ‘अनएम्प्लॉइड’ हे नाव मिळाले, आणि गंमत अशी की नाव बदलले तरी तोही उत्पादनात १ ची भर घालतच राहिला. उत्पादन करणाऱ्या माणसाला बेरोजगार म्हणणे इंग्रजीतही चुकीचेच होते. ती चूक मराठीत उचलून आणण्याचे काही कारण नाही. गेमला म्हणायचे आहे ते एवढेच, की या नागरिकाची नेमणूक झालेली नाही. म्हणून येथे मी ‘अनियुक्त नागरिक’ असे सुचवतो. शब्द कार्यालयीन वाटेल, पण या गेममध्ये खेळाडू स्वतः कार्यालयच चालवत असतो.

‘सिव्हिलायझेशन ४’ मधील संतप्त नागरिक मात्र यात मोजू नयेत. ते प्रत्येकी २ अन्न खातात आणि काम करण्यास नकार देतात. त्यांना ‘रिकामे’ म्हणणे म्हणजे संपावर गेलेल्याला सुट्टीवर आहे असे सांगण्यासारखे आहे. ‘काम नाकारणारे’ असे स्पष्ट लिहावे.

चौथा प्रतिसाद

वरील चर्चेत ‘बेरोजगार’ शब्दाची हकालपट्टी जरा घाईने झाली आहे. ज्या गेममध्ये श्रमाचा बाजार आहे तेथे हाच शब्द बरोबर आहे. ‘सीझर ३’ (१९९८) मध्ये शहरातील श्रमिक हा एक आकडा असतो. इमारतीतून निघालेला माणूस वस्तीजवळून गेला की त्या इमारतीला मनुष्यबळ मिळू लागते. प्रत्यक्षात कोणी घरातून कामावर चालत जाताना दिसत नाही. पण त्या आकड्याला मजुरीचा दर असतो, तो रोमच्या दराहून कमी किंवा अधिक ठेवता येतो, आणि बेरोजगारी वाढली की शहराची मनःस्थिती बिघडते. काम नसण्याची झळ येथे खेळाडूला आणि नागरिकांना, दोघांनाही बसते, म्हणून ‘बेरोजगार’.

याच गेममध्ये आणखी एक वर्ग आहे, आणि त्याच्यासाठी शब्द शोधण्यात खरी मजा आहे. घरे सुधारत सुधारत हवेलीच्या पातळीला पोहोचली की त्यांतील रहिवासी अभिजन होतात आणि श्रमिकांच्या आकड्यातून बाहेर पडतात. नवखा खेळाडू वस्ती सुंदर करत जातो आणि अचानक त्याच्या शेतांना नि गोदामांना माणसे पुरेनाशी होतात. ‘अॅनो १८००’ (२०१९) मधील सर्वोच्च स्तर असलेले गुंतवणूकदारही मनुष्यबळ पुरवत नाहीत. या मंडळींना काम नाही, पण ते बेरोजगार नाहीत, रिकामेही नाहीत आणि अनियुक्त तर मुळीच नाहीत. ‘ऐतखाऊ’ हा शब्द ओठांवर येतो, पण त्यांच्याकडून कर मिळत असल्याने तो अन्यायाचा ठरेल. ‘श्रममुक्त’ म्हणावे काय? मला तो पटतो.

‘व्हिक्टोरिया ३’ (२०२२) मध्ये तर हे भेद गेमने स्वतःच केलेले आहेत. तेथे काम करणारे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले असे लोकसंख्येचे दोन भाग असतात. दुसऱ्या भागासाठी ‘आश्रित’ हा तयार मराठी शब्द आहे. पोटापुरती शेती करणारे ‘पेझंट्स’ हे बेरोजगारांत धरले जात नाहीत, परंतु कारखाना उघडला की त्याला लागणारी माणसे बहुतांशी याच वर्गातून येतात. अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत जिला ‘प्रच्छन्न’ किंवा ‘छुपी बेरोजगारी’ म्हणतात, तिच्याजवळ जाणारी ही मांडणी आहे. लेखात तो शब्द एकदा तरी यावा.

‘स्टेलारिस’मध्ये २०१८ च्या २.२ आवृत्तीपासून नोकऱ्या आणि स्तर आले. वरच्या स्तरातील माणसाची नोकरी गेली, तर तो खालच्या स्तरातील काम लगेच स्वीकारत नाही. खाली उतरायला त्याला काळ जावा लागतो, आणि तोवर तो शुद्ध अर्थाने बेरोजगार असतो. २०२५ च्या ४.० आवृत्तीत मात्र ‘सिव्हिलियन्स’ असा नवा स्तर आला, आणि नोकरी नसलेले लोक अखेर त्यात जाऊन पडतात. कालपर्यंत जी समस्या होती ती आज सामान्य जनता झाली. शब्द बदलताच खेळाडूची काळजी किती कमी होते, याचे हे चांगले उदाहरण आहे. त्यांच्यासाठी ‘सामान्य नागरिक’ पुरेसे आहे.

पाचवा प्रतिसाद

‘बॅनिश्ड’ (२०१४) राहून गेला. ज्याला ठरावीक व्यवसाय दिलेला नाही असा प्रत्येक प्रौढ त्यात ‘लेबरर’ असतो. तो झाडे तोडतो, दगड उचलतो, सामान वाहतो, आणि हिवाळ्यात शेतकरीही याच कामांना लागतात. त्याला ‘बिगारी’ म्हणावे असे मला वाटते. मुळात बेगार म्हणजे विनामोबदला करून घेतलेले काम, पण आज बिगारी म्हणजे पडेल ते काम करणारा अकुशल मजूर, आणि या गेममध्ये कोणालाच वेतन नसल्याने दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. गावकऱ्यासाठी ‘रिकामा’, ‘सिव्हिलायझेशन ५’ साठी ‘अनियुक्त’, आणि मजुरीचा किंवा नोकऱ्यांचा हिशेब असलेल्या गेमांत ‘बेरोजगार’ असे मी ठरवले आहे. ‘मोकळा’ सोडून देताना वाईट वाटले, पण पकडलेला माणूस सुटला असा भास त्यातून होतो. ‘श्रममुक्त’ अभिजनांना दिला. ‘बिगारी’वर अजून विचार करतो आहे, कारण वेठबिगारीची छाया त्यावरून पूर्णपणे गेलेली नाही, आणि ‘बॅनिश्ड’मधील माणसे कोणाच्या धाकाने राबत नाहीत.

एक अडचण मात्र नव्याने निघाली आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ चे खेळाडू इमारतीलाही ‘आयडल’ म्हणतात. नगरकेंद्रातून नवा गावकरी घडवला जात नाही असा जो वेळ जातो त्याला ते फार जपतात, आणि चुरशीच्या सामन्यानंतर तो सेकंदांत मोजतात, कारण एक गावकरी घडायला २५ सेकंद लागतात. येथे मी सवयीने ‘रिकामे नगरकेंद्र’ लिहून बसलो होतो. परंतु हल्ला झाला की गावकरी त्याच नगरकेंद्रात आसरा घेतात, एका वेळी १५ जणांपर्यंत. तेव्हा ‘रिकामे’ वाचणारा आत कोणी नाही असेच समजेल. ‘बंद’ म्हटले तर ते कायमचे मिटले असे वाटते, आणि ‘ठप्प’ म्हटले तर काही बिघडले असे वाटते. सध्या मी ‘थांबलेले नगरकेंद्र’ असे लिहिले आहे. याहून नेमका शब्द कोणाला सुचत असल्यास कळवावा.

सहावा प्रतिसाद

विशेषणाचा आग्रह सोडून पाहावे. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये अशा माणसापुढे नुसते ‘नो जॉब’ असे लिहिलेले असते, आणि मराठीत ‘काम नाही’ ही दोन शब्दांची पाटी माणसापुढेही चालते, इमारतीपुढेही चालते.