मदत हवी आहे: ‘कार्त द्यू सिएल’मधला हैदराबादचा पट्टा
नमस्कार मंडळी. 1887 साली पॅरिसला ठरलेल्या ‘कार्त द्यू सिएल’ या आकाशनकाशावर आमच्या खगोल मंडळात बोलायचंय. आकाशाचे पट्टे पाडून देशोदेशीच्या वेधशाळांना वाटले होते. दुर्बिणी सगळ्यांच्या एकाच मापाच्या, म्हणजे फोटोच्या काचेवर 1 मिलिमीटर बरोबर आकाशातली 1 कला (अंशाचा साठावा भाग). वर 5 मिलिमीटर चौकटींची जाळी, तिच्या आधाराने एकेका ताऱ्याची जागा मोजायची. व्हॅटिकनच्या काचा तर चार नन्सनी मोजल्या!

चिलीतल्या सँटियागो वेधशाळेकडून राहिलेला उणे 17 ते उणे 23 अंशांचा (म्हणजे आकाशाच्या विषुववृत्तापासून दक्षिणेला मोजलेला) पट्टा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने उचलला. माझं घोडं इथेच अडलंय. त्या काचा आता कुठे आहेत, बघायला मिळतात का? तिथे मोजणीला बसणाऱ्यांच्या आठवणी, फोटो कुणाच्या घरी आहेत? मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात, म्हणून विचारतोय. विकिपीडियाच्या लिंका कृपया नकोत, वाचून झाल्यात.