पिच गेज: यांत्रिक की डिजिटल

रिमोटने उडवायच्या ४५० आकाराच्या मॉडेल हेलिकॉप्टरसाठी पिच गेज, म्हणजे पात्याचा कोन (पिच) मोजायचे साधन, यांत्रिक घ्यावे की डिजिटल, असा एकांचा प्रश्न आहे. साधे प्लास्टिकचे गेज पुरेसे आहे, हे त्यावर आलेले मत फ्लायबार (मुख्य पात्यांना काटकोनात बसवलेला, स्थैर्य देणारा दांडा) असलेल्या मॉडेलपुरते मला मान्य आहे, कारण त्या गेजवरचा कोन फ्लायबारच्या दांड्याशी नजरेने समांतर लावून वाचायचा असतो. प्रश्नकर्त्यांचे मॉडेल मात्र फ्लायबारलेस आहे, आणि तिथे नजरेला आधार देणारा तो दांडाच नसल्यामुळे डिजिटल गेज घेणे अधिक योग्य ठरेल.

डिजिटल गेज गुरुत्वाकर्षणाच्या आधारे कोन मोजते, म्हणून शून्य कुठे धरले जाते याला फार महत्त्व आहे. ते टेबलावर न धरता रोटर हेडच्या (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागाच्या) सपाट भागावर धरावे आणि त्यानंतर मॉडेल जराही हलू देऊ नये. पडद्यावर ०.१ अंशापर्यंतचा आकडा दिसतो म्हणून तेवढी अचूकता मिळतेच असे नाही. खरेदी करताना त्यापेक्षा पकड पाहावी. ४५० ची पाती साधारण ३२५ मिलिमीटर लांबीची, तर ७०० आकाराच्या मॉडेलची त्याच्या दुपटीहून लांब आणि बरीच रुंद असतात, त्यामुळे गेजचा एकच चिमटा दोन्हींवर नीट बसेल याची खात्री नसते. शिवाय जड गेज लहान पात्याला पिळते आणि मोजलेला कोनच बदलतो.

शून्य पिच तपासण्यासाठी तर गेजही लागत नाही: स्वॉशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी, रोटरच्या दांड्यावरची तबकडी) सपाट ठेवून दोन्ही पाती शेपटीकडे दुमडली, की टोकांमधला फरक लगेच दिसतो. अधिक १२ आणि उणे १२ अंशांसारखे टोकाचे कोन मात्र गेजनेच मोजावेत, अर्थात मोटरच्या तारा आधी सोडवून.